आई-वडिलांच्या ग्रीन कार्डासाठी मुंबईतील वैद्यकीय तपासणी : जुना क्षयरोग, बेडक्याची तपासणी आणि आठ आठवडे

कृष्णाकाठ

नमस्कार. माझे आई-वडील वाईला असतात आणि भाऊ न्यू जर्सीत. तो अमेरिकेचा नागरिक झाल्यावर त्याने दोघांसाठी इमिग्रंट व्हिसाचा अर्ज केला आणि पाच आठवड्यांपूर्वी, मार्चच्या पहिल्या आठवड्यात, मी त्या दोघांना वैद्यकीय तपासणीसाठी मुंबईला घेऊन गेलो. वडिलांची तपासणी एका सकाळीत पूर्ण झाली. आईची अजून चालू आहे. या पाच आठवड्यांत जे कळले ते आधी कोणी सांगितले असते, तर आईची कितीतरी रात्रींची झोप वाचली असती, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

ही तपासणी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे करून चालत नाही. अमेरिकी वकिलातीने नेमून दिलेल्या डॉक्टरांकडेच, म्हणजे ज्यांना पॅनेल फिजिशियन म्हणतात त्यांच्याकडेच, ती करावी लागते आणि अहवालही तेच वकिलातीकडे पाठवतात. मूळ पासपोर्ट, मुलाखतीचे पत्र, डीएस-२६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरल्याचे पान, फोटो, आजवर घेतलेल्या लसींची जी असेल ती नोंद, चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणि जुन्या आजारांची कागदपत्रे सोबत न्यावीत. यांतील शेवटच्या गोष्टीकडे आम्ही पुरेसे लक्ष दिले नाही आणि तिथेच अडलो.

तपासणी तशी साधी आहे. उंची, वजन, रक्तदाब आणि नजर पाहतात; छाती, पोट, मानेतल्या व काखेतल्या गाठी आणि त्वचा तपासतात. त्वचा नीट पाहण्यामागे कारण आहे, कारण कुष्ठरोग अजूनही त्यांच्या यादीत आहे. वडिलांच्या पाठीवर जुने कोडाचे डाग आहेत; डॉक्टरांनी तिथे स्पर्श कळतो का ते पाहिले आणि पुढे गेले. त्यांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे आणि एक स्टेंट बसवलेला आहे, याचीच आम्हाला सर्वांत जास्त धास्ती होती. डॉक्टरांनी औषधांची नावे उतरवून घेतली, साखरेचा शेवटचा अहवाल पाहिला आणि तो विषय तिथेच संपला. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांमुळे वैद्यकीय कारणावरून व्हिसा नाकारला जात नाही. अहवालात त्यांची केवळ नोंद होते.

आईचा एक्स-रे मात्र मला शब्दाशब्दाने आठवतो. तिथल्या ताईंनी तिला गाऊन दिला, मंगळसूत्र काढायला सांगितले आणि वेणी डोक्यावर बांधून घ्यायला सांगितली. जाड वेणी खांद्यावर राहिली तर फुफ्फुसाच्या वरच्या टोकावर तिची सावली पडते आणि क्षयाचा डागही बहुतेक वेळा नेमका तिथेच असतो, असे त्यांनी समजावून सांगितले. बावन्न वर्षांच्या संसारात आईने मंगळसूत्र कधी उतरवले नव्हते. ते तिने वडिलांच्या हातात दिले आणि ती बाहेर येईपर्यंत वडील मूठ घट्ट मिटून दाराशीच उभे राहिले.

अर्ध्या तासाने आम्हाला पुन्हा आत बोलावले. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात जुना व्रण दिसत होता. आईला १९८१ साली, भाऊ दीड वर्षाचा असताना, क्षय झाला होता. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात तीन महिने रोज इंजेक्शने आणि पुढे वर्षभर गोळ्या, असा उपचार तिने पूर्ण केला होता. आम्हाला हे ठाऊक होते, पण त्या काळचा एक कागदही घरात उरलेला नव्हता. शिवाय सातारचे एक सल्लागार आम्हाला आदल्या आठवड्यात बजावून गेले होते, की जुन्या आजाराचा उल्लेखही करू नका, विचारले तर नाही म्हणा. आईने ऐकले नाही. डॉक्टरांनी विचारताच तिने वर्ष, महिना आणि इंजेक्शन देणाऱ्या सिस्टरचे आडनावसुद्धा सांगितले. आज मला तिचे ते खरे बोलणे फार मोलाचे वाटते, कारण एक्स-रेने ती गोष्ट तशीही सांगितलीच असती आणि मग आजाराऐवजी लपवाछपवीचा प्रश्न उभा राहिला असता. आजारावर उपचार असतो; जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचा ठपका मात्र व्हिसासाठी कायमची अपात्रता आणू शकतो.

एक्स-रेमध्ये क्षयाची शंका येण्याजोगे काही दिसले, मग ते चाळीस वर्षांपूर्वीचे का असेना, की बेडक्याचे तीन नमुने द्यावे लागतात. तीन दिवस, दररोज सकाळी उपाशीपोटी, त्यांच्या देखरेखीखाली. तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतातच, शिवाय त्याचे कल्चर लावतात, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते पाहतात. क्षयाचा जंतू अतिशय सावकाश वाढतो, त्यामुळे अंतिम अहवालाला आठ आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. सूक्ष्मदर्शकाच्या तिन्ही तपासण्या निर्दोष आल्या आहेत. कल्चरची वाट पाहत आहोत.

मुलाखतीची तारीख मध्येच येऊन गेली. आईला २२१(जी) या कलमाखालील कागद मिळाला. त्यावर नकाराची भाषा असते आणि तो वाचून आई खचली. परंतु हा अंतिम नकार नसतो. वैद्यकीय अहवाल येईपर्यंत प्रकरण थांबवले आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे, हे खिडकीवरच्या अधिकाऱ्याने तिला समजावून सांगितले होते.

ज्यांनी हा अनुभव घेतला आहे त्यांनी कृपया लिहावे. वडिलांना व्हिसा मिळाला आहे. त्यांनी पुढे जावे की आईसाठी थांबावे, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

आजोबा_छातीरोगतज्ज्ञ

मी निवृत्त छातीरोगतज्ज्ञ आहे. व्हिसाच्या तपासण्या मी कधी केल्या नाहीत, पण त्यांतून बेडक्यासाठी थांबवलेले पुष्कळ रुग्ण घाबरून माझ्याकडे येत असत, म्हणून थोडे लिहितो.

तुमच्या आईंचा व्रण हा भरून आलेल्या जखमेचा वण असण्याची शक्यता मोठी आहे. पण एका एक्स-रेवरून जुना व्रण आणि मंद चालणारा आजार यांतला फरक खात्रीने सांगता येत नाही, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बेडका निर्दोष दिसला तरी त्यात थोडे जंतू असू शकतात. पूर्वी अमेरिकेच्या नियमांनुसार सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीवरच बरेचसे भागत असे. २००७ पासून त्यांनी कल्चर आणि देखरेखीखालील उपचार यांचा समावेश केला आणि नंतरच्या काही वर्षांत तो सर्व देशांत लागू केला. माझ्या मते तो बदल योग्यच होता. घरात नातवंडे असतात, आजीच्या मांडीवर खेळतात. तिथे शंका ठेवून चालत नाही.

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी. नमुना देताना लाळ नको, छातीतून आलेला बेडका हवा. वयस्कर माणसे संकोचाने तोंडातले थोडे पाणी डबीत टाकतात आणि नमुना वाया जातो. आधी साध्या पाण्याने चूळ भरावी, दोन-तीन वेळा खोल श्वास घेऊन थोडा रोखावा आणि मग पोटातून जोर लावून खोकावे. बेडका पडतच नसेल तर मिठाच्या पाण्याची वाफ देऊन तो काढता येतो, त्यासाठी तिथे मागणी करावी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. तपासणीच्या आधी साधा खोकला झाला म्हणून परस्पर प्रतिजैविके घेऊ नका. लेव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधे क्षयाच्या जंतूंवरही काही प्रमाणात चालतात. त्यांनी आजार बरा होत नाही, फक्त काही काळ दबतो आणि निदान लांबते. औषध घेतले असेल तर नाव आणि तारीख डॉक्टरांना सांगा.

कल्चरमध्ये जंतू निघालेच, तरीही दार बंद होत नाही. नेमलेल्या ठिकाणी देखरेखीखाली उपचार पूर्ण करावा लागतो. नेहमीच्या औषधांना दाद देणारा क्षय असेल तर तो साधारण सहा महिन्यांचा असतो. त्यानंतर पुन्हा बेडका तपासून पुढचा मार्ग मोकळा होतो. उपचार खाजगीत, स्वतःच्या मनाने सुरू करू नये, कारण तो देखरेखीखाली झाल्याचा पुरावा त्यांना लागतो.

नीरजा_कोथरूड

कृष्णाकाठ, आईंना नमस्कार सांगा. डॉक्टरकाका, माझा प्रश्न मुलांबद्दल आहे. माझ्या दिराच्या अर्जावर आमचा चौघांचा नंबर अनेक वर्षांनी लागला आहे. मुलगी सहा वर्षांची आणि मुलगा सोळा वर्षांचा आहे. दोघांनाही जन्मल्यावर बीसीजी ही क्षयाची लस दिलेली आहे. त्यामुळे क्षयाची चाचणी सदोष येईल, म्हणजे नसलेला संसर्ग दाखवील, असे एका नातेवाइकांनी सांगितले. हे खरे आहे का?

आजोबा_छातीरोगतज्ज्ञ

नीरजाताई, ती भीती जुन्या चाचणीच्या काळातली आहे. पूर्वी हाताच्या कातडीत सुई टोचून दोन-तीन दिवसांनी गाठ मोजत असत. बीसीजी घेतलेल्या मुलांमध्ये ती गाठ विनाकारण मोठी येऊ शकत असे. २०१८ पासून २ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी त्याऐवजी रक्ताची चाचणी आहे, जिला इग्रा म्हणतात, आणि तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. तुमच्या मुलीचे रक्त घेतील. चाचणी निर्दोष आली आणि लक्षणे नसली तर तिला एक्स-रेही लागत नाही. मुलाचे वय १५ च्या पुढे असल्यामुळे त्याचा थेट एक्स-रे काढतील.

मुलीची इग्रा सदोष आलीच तर घाबरू नका. एक्स-रे काढतात आणि तो स्वच्छ असेल तर शरीरात जंतू सुप्त आहेत, आजार नाही, असा त्याचा अर्थ होतो. त्यासाठी व्हिसा अडवत नाहीत. आपल्याकडे सुप्त संसर्ग फार लोकांत असतो. पण तिथे गेल्यावर लहान मुलाला प्रतिबंधक औषध देण्याविषयी बालरोगतज्ज्ञांशी जरूर बोला, कारण लहान वयात सुप्त संसर्गाचा आजार होण्याचा धोका जास्त असतो.

मंदाकिनी_एडिसन

रक्तचाचणी सदोष आली तरी अडवत नाहीत, हीच गोष्ट अमेरिकेत राहून ग्रीन कार्डाचा अर्ज करणाऱ्यांची. माझे पती एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर होते, तेव्हा व्हिसासाठी अशी तपासणी झालीच नव्हती. ती ग्रीन कार्डाच्या वेळी, इथल्या नेमलेल्या डॉक्टरांकडे आय-६९३ या फॉर्मवर झाली. इथे मोठ्यांचीही आधी रक्तचाचणीच करतात आणि ती सदोष आली तरच एक्स-रे काढतात. पतींची सदोष आली, एक्स-रे स्वच्छ निघाला आणि कार्ड वेळेवर आले. डिसेंबर २०२४ पासून हा फॉर्म मुख्य अर्जासोबतच द्यावा लागतो, नंतर पाठवून चालत नाही, हे अर्ज करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

माझ्या सासूबाई मात्र मुंबईहूनच आल्या आणि त्यांच्याही फुफ्फुसात जुना व्रण होता. त्यांना बी१ हा शेरा मिळाला होता, म्हणजे एक्स-रेमध्ये क्षयाची खूण आहे पण बेडक्यात जंतू नाहीत, अशी नोंद. त्या पोचल्यावर दोन आठवड्यांत इथल्या काउंटीच्या आरोग्य खात्यातून फोन आला. आम्ही दचकलो होतो. पण फोनवरच्या बाईंनी आधी विचारले की त्यांना कोणत्या भाषेत बोलणे सोयीचे आहे. पुढची तपासणी तिथल्या दवाखान्यात झाली. सोबत एक्स-रेची सीडी मागितली होती, तेव्हा ती सामानात न टाकता हातातल्या पिशवीत आणावी.

ठाणे_पूर्व

कृष्णाकाठ, तुमच्या सल्लागारासारखेच आमचेही एक सल्लागार होते आणि आम्ही दुर्दैवाने त्यांचे ऐकले. माझ्या वडिलांनी २०१४ मध्ये क्षयाचा उपचार घेतला होता. आमच्या चाळीत ते कोणालाच सांगितले नव्हते. आईने वर्षभर त्यांचे ताट-वाटी वेगळे ठेवले आणि पाहुण्यांना दम्याचे औषध चालू आहे असे सांगितले. ती लपवण्याची सवय इतकी अंगात मुरली होती, की तपासणीच्या वेळीही वडिलांच्या तोंडून नाही असेच निघाले. डॉक्टरांनी एक्स-रे पडद्यावर लावला, खुर्ची वडिलांजवळ ओढली आणि म्हणाले, "काका, यात लाज वाटण्यासारखे काही नाही, पण मला खरे सांगा." वडील रडले आणि मग त्यांनी सर्व सांगितले. अहवालात खरी माहिती गेली, म्हणून पुढचे टळले.

आमच्या उपयोगी पडली ती एक गोष्ट. २०१२ पासून क्षयाच्या रुग्णाची नोंद सरकारकडे करणे बंधनकारक आहे आणि ती निक्षय या सरकारी प्रणालीत राहते. आम्ही महापालिकेच्या क्षयरोग विभागात जाऊन वडिलांच्या उपचाराचे कागद मिळवले. कोणती औषधे, किती महिने, शेवटचा बेडका कसा आला, हे सारे त्यात होते. बेडक्याच्या तपासणीतून सूट मिळाली नाही, पण प्रश्न फार कमी झाले. ज्यांच्या घरी असा इतिहास आहे, त्यांनी मुलाखतीचे पत्र येण्याची वाट न पाहता हे कागद आधीच मिळवावेत.

सुलभा_नाशिक

लसींविषयी कोणी लिहील का? माझ्या आई-वडिलांकडे एकही नोंद नाही. त्यांच्या लहानपणी देवी काढायला माणूस गावात यायचा, एवढेच त्यांना आठवते.

कृष्णाकाठ

सुलभाताई, त्याची काळजी करू नका. नोंद नसेल तर वयानुसार लागू असलेल्या लसी तिथेच देतात आणि त्यांचे पैसे वेगळे भरावे लागतात. ज्या लसीचे दोन-तीन डोस असतात, तिचे सगळे डोस पूर्ण होईपर्यंत थांबावे लागत नाही. त्या दिवशी देता येणारा डोस घेतला की अट पूर्ण होते. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस १९५७ पूर्वी जन्मलेल्यांना मागत नाहीत, कारण त्या पिढीला हे आजार होऊन गेले असणार असे धरतात. माझे आई-वडील दोघेही त्याआधीचे आहेत. कांजिण्यांबद्दल डॉक्टरांनी विचारले, आईने कपाळावरचा वण दाखवला आणि कडुनिंबाच्या पाल्यावर निजवल्याचे सांगितले. ते त्यांनी मान्य केले. मग दोघांना धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याची आणि न्यूमोनियाची, अशा दोनच लसी घ्याव्या लागल्या. कोविडच्या लसीची अट २०२१ च्या ऑक्टोबरपासून होती, ती २०२५ मध्ये काढून टाकली आहे.

तरुण मंडळींनी मात्र घरातले कागद शोधावेत. शाळेत दिलेल्या लसींचे पिवळे पडलेले कार्डही चालते, फक्त त्यावर तारखा हव्यात. गोवर-गालगुंडाची आणि कांजिण्यांची अशा दोन्ही लसी जिवंत जंतूंच्या असतात. त्या एकाच दिवशी घ्याव्या लागतात किंवा त्यांत २८ दिवसांचे अंतर ठेवावे लागते. मुलाखतीच्या तोंडावर एक लस बाहेर घेतली तर दुसरी अडते. गर्भवतींना या दोन्ही लसी देत नाहीत आणि त्यांच्याकडून मागतही नाहीत.

नीरजा_कोथरूड

गर्भवतींवरून आठवले. माझ्या मैत्रिणीला एक्स-रेच्या वेळी दोन पर्याय दिले होते. पोटावर शिशाचे आवरण घेऊन, लेखी संमती देऊन एक्स-रे काढायचा किंवा बाळंतपणानंतर काढायचा. तिने नंतर काढला. मग व्हिसाही तोवर थांबला आणि बाळाच्या कागदपत्रांचे वेगळे काम वाढले. ज्यांची अशी वेळ येईल त्यांनी दोन्ही बाजू आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवावे.

विवेक_गोवा

एक नाजूक प्रश्न विचारतो. माझ्या धाकट्या भावाने तीन वर्षांपूर्वी नैराश्यावर उपचार घेतले. आता तो पूर्ण बरा आहे. हे सांगावे का? आणि एचआयव्हीची चाचणी असते का?

आजोबा_छातीरोगतज्ज्ञ

सांगावे. नैराश्य ही अपात्रता नाही. ते पाहतात ते हे, की मनाच्या आजारासोबत स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणारे वर्तन आहे का आणि ते पुन्हा घडण्याचा संभव आहे का. उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांचे पत्र सोबत असावे. त्यात निदान, औषधे आणि सध्याची स्थिती एवढे पुरे. दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा मात्र ते याच दृष्टीने गांभीर्याने घेतात, आणि मादक पदार्थांचा चालू वापर हे अपात्रतेचे स्वतंत्र कारण आहे.

एचआयव्ही ४ जानेवारी २०१० रोजी त्या यादीतून काढला गेला, त्यामुळे त्याची चाचणी या तपासणीत सक्तीची नाही. ठरावीक वयोगटांत गरमी (सिफिलिस) आणि परमा (गनोरिया) या गुप्तरोगांची चाचणी असते; दोन्हींवर औषध आहे आणि उपचार घेतला की प्रश्न मिटतो.

कृष्णाकाठ

मे महिन्याचा दुसरा आठवडा आहे आणि आईचे अहवाल आले आहेत. तिन्ही कल्चर निर्दोष निघाले. तिला बी१ शेरा मिळाला आणि काल व्हिसाचा शिक्का बसलेला पासपोर्ट घरी आला. डॉक्टरकाका, तुमचे म्हणणे मी तिला वाचून दाखवले होते. लाळ आणि बेडका यांतला फरक आपल्याला आधीच कळला होता, असे तुम्हाला कळवायला तिने सांगितले आहे.

वडिलांनी थांबावे की जावे, या माझ्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला तारखा मांडून मिळाले. आई आणि वडील यांचे अर्ज स्वतंत्र असतात, त्यामुळे वडील आधी जाऊ शकले असते. पण वडिलांची तपासणी सहा महिने ग्राह्य आहे, म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. आईची बी१ शेऱ्यामुळे तीनच महिने, आणि ते अंतिम अहवालापासून मोजले जातात, म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. व्हिसाची मुदत याच हिशेबाने छापलेली असते आणि त्या तारखेच्या आत अमेरिकेत पोचावेच लागते, नाहीतर तपासणी पुन्हा नव्याने करावी लागते. दोघांच्याही मुदतीत जुलै बसत होता, म्हणून दोघांची तिकिटे आम्ही जुलैच्या पहिल्या आठवड्यातली काढली आहेत. एक्स-रेची सीडी मंदाकिनीताईंनी सांगितल्याप्रमाणे आईच्या खांद्याच्या पिशवीत, पासपोर्टच्या कप्प्यात ठेवली आहे.